शेठच्या दोन बेटऱ्या आणि मेणाची गोळी

थळातून रेवदंड्याला गेलेली माणसं पुष्कळ आहेत. कुणी लग्नाला गेलं, कुणी सुकी मासळी घेऊन गेलं. पण मोटारीच्या घरगाडीच्या दोन बेटऱ्या बैलगाडीत घालून भरून आणायला गेलेला माणूस मी एकटाच. तेव्हा तो प्रवास मीच लिहायला पाहिजे. दुसरा लिहील तो चुकीचं लिहील. मराठी दुसरीच्या पुढे मी शाळेत गेलो नाही. तेवढ्यात माझं भागलं, अजून भागतं आहे.

आधी घरगाडी काय ते सांगतो. मुंबईचे एक पारशी शेठ आहेत, त्यांची थळात वाडी आहे आणि मी त्या वाडीचा राखणदार. शेठला आणि त्यांच्या बायला किनाऱ्यावर मुक्काम करायची हौस. तंबू वाऱ्यात उडतो म्हणून शेठनं मुंबईत सुताराकडून एक लाकडी खोलीच बांधवून घेतली, दोन चाकांवर. ती मोटारीच्या मागे अडकवायची आणि न्यायची. आत दोन पलंग, कपाट, जाळीची खिडकी, तीन विजेचे दिवे आणि वाटीएवढा पंखा. या सगळ्याला वीज पुरवतात दोन बेटऱ्या, लाकडी पेटीतल्या, एकेक पेटी तांदळाच्या अर्ध्या गोणीएवढी जड. वर्षातून चार-पाच मुक्काम होतात. मधल्या दिवसांत घरगाडी वाडीतल्या कौलारू पडवीत उभी असते, आणि तिची चावी माझ्या करदोट्याला.

लोक म्हणतात, उभ्या गाडीला काय राखायचं? त्यांना माहीत नाही. गाडी उभी असते तेव्हाच बेटरी मरते. दिवा लावला नाही तरी तिच्यातली ताकद थेंबाथेंबानं जाते, आणि रिकामी राहिली तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरी साय धरते, मग ती बेटरी दाराला अडसर म्हणून लावायच्या कामाची. म्हणून तारा सोडून ठेवायच्या. जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवायच्या. वर हिरवं बुरशीसारखं येतं ते पुसायचं. आतलं पाणी कमी झालं तर पावसाचं पाणी घालायचं, तेही कौलावरचं नाही, उघड्यावर चिनी मातीची बरणी ठेवून थेट आभाळातून धरलेलं. आणि महिन्यातून एकदा जिथे इंजिन आणि डायनामा असेल तिथे नेऊन भरून आणायच्या. हे सगळं मी करतो. थळात हे करणारा दुसरा नाही.

आता जे सांगायला आवडत नाही ते पण सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी जन्माचा मिठागरातला. उरणकडे आमची सात पिढ्या मिठाचीच शेती. मिठागरात पाणी पिकलं की नाही, म्हणजे मीठ धरण्याइतकं जड झालं की नाही, हे आम्ही मेणाच्या गोळीनं बघतो. बोराएवढी गोळी, आत शिशाचा छर्रा. पाणी कच्चं असेल तर गोळी बुडते, पिकलं की वर येते, मग पाणी मिठाच्या वाफ्यात सोडायचं. बापाची गोळी अजून माझ्या कनवटीला आहे. मागच्या वर्षी भर पावसात मी बेटरीतलं थोडं पाणी वाटीत काढून गोळी टाकली. बुडाली. मी म्हटलं, पाणी हलकं झालं. आणि त्या बेटरीच्या तिन्ही घरांत, म्हणजे पाण्याच्या खणांत, मूठ-मूठ मीठ घातलं. गोळी वर आली. मला वाटलं, जिंकलो. दसऱ्यापर्यंत बेटरी मेली.

ती बेटरी रेवदंड्याच्या हसाजी मिस्त्रीनं नव्या पट्ट्या घालून बांधून दिलेली होती. शेठ मोटारीतून रेवदंड्याला गेले, भर बाजारात हसाजीला लबाड म्हणाले, मेलेली बेटरी त्याच्या दारात टाकून आले आणि मुंबईहून नवी आणली. मी काही बोललो नाही. तेव्हा मला खरंच कळलं नव्हतं. ते शिमग्यात अलिबागच्या एका मोटारवाल्यानं सहज सांगितलं, की बेटरीत मिठाचा खडा गेला की तिचं तेरावंच घालायचं. त्यानंतरही मी बोललो नाही. तेव्हा कळलं होतं, तरी.

गुरुवार, अलिबाग

शेठचं पत्र आलं. मंगळवारी सकाळी मोटार घेऊन येतो, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर आठ दिवस मुक्काम आहे, गाडी तयार ठेव. आणि खाली एक ओळ: या वेळी दिवे लागले नाहीत तर गाडी मुंबईच्या गॅरेजात ठेवीन, तुला त्रास नको.

त्रास नको! पाच वर्षं राखलेली गाडी.

माझ्या मुलाचा सासरा चांगो, म्हणजे माझा व्याही, त्याची बैलगाडी ठरवली. तळाला भरपूर पेंढा, त्यावर बेटऱ्या सरळ उभ्या, दोन्ही बाजूंनी पेंढ्याच्या गुंड्या. बेटरी कलली तर आतलं तेजाब सांडतं आणि जिथे सांडेल तिथलं कापड दोन दिवसांत विरतं. माझ्या धोतराला अशी सहा भोकं आहेत.

"व्याही, ही भोकं उंदरांनी पाडली का विजेनं?" चांगोनं विचारलं.

"विजेनं."

"मग वीज उंदरापरीस हुशार. उंदीर इतकी एका वळणात न्हाय पाडत."

चांगोची जीभ अशीच आहे. मी ऐकून घेतो, कारण मुलगी दिलेला माणूस. आणि बैल त्याचे.

थळ ते अलिबाग दोन कोस. पावसाळा नुकता सरला होता, रस्त्यात चाकोऱ्यांना पाणी होतं, पण दोन्हीकडे भात पोटरीतून बाहेर येत होतं आणि वास असा की भूक लागावी. अलिबागला मी नेहमी ज्या मोटारवाल्याकडे बेटऱ्या भरतो, त्याच्या दारात डायनामा नव्हता. नुसती चार भोकं, बोल्टांची.

"जळला, बाबा. मुंबईला पाठवलाय तारा गुंडाळायला."

"कधी येणार?"

"दिवाळीच्या आसपास."

"मंगळवारी शेठ येणार!"

"मग शेठला सांगा डायनामा घेऊन या." त्यानं हात पुसले. "रेवदंड्याला जा ना. भाताच्या गिरणीत हसाजी मिस्त्री आहे, त्याच्याकडे डायनामा आहे. चांगला माणूस."

चांगला माणूस आहे हे मला माहीत होतं, तीच तर अडचण होती.

"चला की मग रेवदंड्याला," चांगो म्हणाला. "माझे बैल पाच कोसाला भीत न्हाईत. तुमी का भिताय?"

"मी कोणाला भीत न्हाय."

त्या रात्री आम्ही अलिबागच्या धर्मशाळेत झोपलो. भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. घरची चटणी तिखट असते, पण त्या दिवशी तिची चव लागली नाही.

शुक्रवार, आक्षीची खाडी आणि पुढे

आक्षीच्या अलीकडे खाडी लागते. तिच्यावर दगडी फरशी घातली आहे, भरतीला ती पाण्याखाली जाते. आम्ही पोचलो तेव्हा भरती लागलेली होती. काठावर एक कोळीण टोपली डोक्यावर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "थांबा बाबा दोन घटका. मीच थांबलंय, तुमचं बैल काय माज्यापरीस उंच हायेत?"

मी म्हटलं, चला. मी आयुष्यभर भरती-ओहोटी बघितली आहे. पाणी घोट्याइतकं आहे, गुडघ्याइतकं व्हायला वेळ आहे.

मध्यावर ते गुडघ्याच्या वर आलं. डावं चाक फरशीवरून घसरलं, गाडी कलली, आणि खारं पाणी तळाच्या फळ्यांतून वर येऊ लागलं. मी एक बेटरी उचलून मांडीवर घेतली. कशी उचलली मला विचारू नका. दुसरी चांगोनं बैलांचे कासरे दातात धरून उचलली.

"अहो, पाण्यानं भिजली तर पुसता येईल की!" तो दात न उघडता ओरडला.

"खारं पाणी आत गेलं तर मेली!"

"तुमाला कसं माहीत?"

बैलांनी जोर केला, चाक वर आलं, आम्ही पलीकडे गेलो. मागे कोळीण हसत होती, तिचा आवाज पाण्यावरून स्पष्ट येत होता. बेटऱ्या कोरड्या राहिल्या. पण शेठनं या वर्षी बेटरीतलं पाणी हलकं की जड ते मोजायला काचेची नळी दिली होती, ती माझ्या ढुंगणाखाली फुटली. वरचा रबराचा फुगा तेवढा राहिला. तो मी जपून कनवटीला लावला, गोळीच्या शेजारी.

नागावपासून चौलपर्यंतचा रस्ता ज्यानं पाहिला नाही त्यानं पाहावा. दोन्ही बाजूंनी सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या, इतक्या दाट की दुपारी बैलांच्या अंगावर ऊन पडत नाही. प्रत्येक वाडीत रहाट फिरत असतो, त्याचा कुरकुर आवाज एका वाडीतून दुसरीत जातो. आमच्या मिठागरात सावलीला एक झाड नाही, ऊन हीच आमची मिळकत. इथल्या लोकांची मिळकत सावलीत पिकते. मला दोन्ही पटतं, पण सावलीत काम करणाऱ्याला काम म्हणायला मला जरा वेळ लागतो. चांगोनं एका वाडीतून दोन शहाळी आणली. चांगली गोड होती. तेही लिहिलं पाहिजे.

दिवस कलला तेव्हा रेवदंड्याला पोचलो. भाताची गिरणी बाजाराच्या टोकाला, मागे हसाजीचं घर. हसाजी चाळिशीचा, उंच, हाताला काळं तेल. तो इंजिनावर गोणपाट टाकत होता. आम्ही बेटऱ्या उतरवल्या. पेटीवर शेठच्या नावाची लाल अक्षरं होती. त्यानं ती वाचली.

"या त्या पारशी शेठच्या?"

"व्हय."

"उचला आणि जा."

"लांबून आलोय, मिस्त्री."

"मी लबाड आहे ना? लबाडाकडे बेटरी कशाला आणलीत? आणि तसंही आता काम बंद. दिवस मावळतोय."

चांगो म्हणाला, "दिवस मावळला तर उद्या करा."

"उद्या शनवार. उद्या माझं इंजिन, माझे बैल आणि मी, तिघांना सुटी. परवा बघू. नाही, परवा पण नाही."

मी म्हटलं, "इंजिन मी चालवतो. तुम्ही नुसतं बसा."

"माझ्या घरात शनवारी पाहुणासुद्धा इंजिन चालवत नाही, बाबा."

तेव्हा मला कळलं. हसाजी त्या लोकांपैकी, ज्यांना आमच्याकडे शनवार तेली म्हणतात, म्हणजे यहुदी. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवतात, शनवारी घाणा बंद. बोलणं आपल्यासारखं, नेसणं आपल्यासारखं, देव एकच आणि त्याची मूर्ती नाही.

आम्ही गिरणीच्या ओट्यावर पथारी टाकली. एवढ्यात आतून त्याची बायको रिबकाबाय आली, डोक्यावर पदर, हातात दोन केळीची पानं.

"ह्यांचं भांडण ह्यांच्यापाशी," ती म्हणाली. "शुक्रवारच्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर कुणी उपाशी झोपत नाही. जेवा."

चांगो माझ्या कानाशी लागला, "यांच्या हातचं चालतं का, व्याही?"

"आपल्या सात पिढ्यांनी यांच्या घाण्याचं तेल खाल्लं. आता जेवणाला नाक मुरडता?"

बोई माशाचं कालवण होतं, नारळाच्या दुधातलं, आणि तांदळाच्या भाकऱ्या. असं कालवण मी माझ्या घरीही खाल्लं नाही, हे माझ्या घरी कुणी वाचून दाखवू नये. मी विचारलं, कोलंबी पडत नाही का इकडे? रिबकाबाय म्हणाली, "पडते की. आम्ही खात नाही. खवलं आणि पर नाहीत तो मासा आम्हाला वर्ज्य. कोलंबी नाही, चिंबोरी नाही, तिसऱ्या नाहीत."

समुद्राच्या काठी राहून चिंबोरी नाही! चांगोनं जेवताना दोनदा मान हलवली. पण आतल्या खोलीत काचेच्या टांगत्या दिव्यात पाण्यावर खोबरेल तरंगत होतं, त्यात वात जळत होती, आणि घर झाडूनपुसून असं शांत होतं की मी आवाज खाली आणून बोललो. मी सहसा आणत नाही.

शनिवार, काही न करण्याचा दिवस

मी आयुष्यात असा दिवस पाहिला नव्हता. आमच्याकडे सण असला की काम दुप्पट. इथे चूल पेटली नाही, आदल्या दिवशीचं कालवण आणि भाकऱ्या. बैल दावणीला रवंथ करत बसलेले. हसाजी पांढरं धोतर आणि काळा कोट घालून त्यांच्या प्रार्थनाघरात, त्याला ते मशीदच म्हणतात, प्रार्थनेला जाऊन आला, मग ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. ना तो काही करत होता, ना मला काही करता येत होतं. रिकामा बसलेला माणूस विचार करतो, त्याला इलाज नसतो.

गिरणीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला एक लाकडी पेटी लावलेली होती. मी बराच वेळ तिच्याकडे बघत होतो. लाल अक्षरं अर्धी पुसलेली, पण शेठचीच.

"ती फेकून का देत नाही?" मी विचारलं.

हसाजी म्हणाला, "मी सात बेटऱ्या बांधल्या, बाबा. मुंबईत शिकून आलो होतो. सहा अजून चालतात. ही सातवी. तीन वेळा उघडली. पट्ट्या खाऊन गेलेल्या, जसा लोखंडाला गंज. कुठे चुकलो ते कळत नाही. शेठनं लबाड म्हटलं त्याचं एवढं नाही. पण मला स्वतःला उत्तर सापडत नाही. म्हणून ते काम सोडलं. पाणी मोजायची नळी होती ती पण अलिबागवाल्याला देऊन टाकली. आता नुसती गिरणी."

चांगो माझ्या शेजारी बसून दात कोरत होता. दुसरा कुणी असता तर बरं झालं असतं. व्याह्यासमोर माणूस धोतराची भोकं लपवतो, आणि मला हे दाखवायचं होतं.

मी कनवटीची गोळी काढून ओट्यावर ठेवली.

"तुम्ही कुठे चुकला नाहीत," मी म्हटलं. "मी मीठ घातलं."

"काय?"

"गोळी बुडाली, म्हणून मीठ घातलं. तिन्ही घरांत. मूठ-मूठ."

चांगोचा हात दाताशीच थांबला. हसाजीनं गोळी उचलली, फिरवून पाहिली, उन्हात धरून आतला छर्रा पाहिला. मी त्याला मिठागर सांगितलं, पिकलेलं पाणी सांगितलं, बापाचं सांगितलं. तो ऐकत होता. मला वाटलं आता उठेल आणि मारेल. मी पण तयारच होतो.

तो म्हणाला, "मिठागरात पाणी हलकं असेल तर तुम्ही त्यात मीठ टाकता?"

"न्हाय."

"मग काय करता?"

"ऊन देतो. आपोआप पिकतं."

"बेटरीचं ऊन म्हणजे हा डायनामा, बाबा. पाणी हलकं झालं म्हणजे तिला ऊन पाहिजे. एवढंच."

मी पन्नास वर्षं मिठागरात काढली. बापानं पाहिलं असतं तर मला खाडीत उभं केलं असतं. मी म्हटलं, "पावसाचे दिवस होते. ऊन कुठून आणणार, असं वाटलं."

"दोन वर्षांमागं लोक समुद्रातनं मीठ काढून तुरुंगात गेले," चांगो म्हणाला, "आणि आमच्या व्याह्यांनी ते विजेत घातलं. सरकारला कळलं असतं तर दुप्पट शिक्षा."

हसाजी हसला नाही. तो उठला, दाराची पेटी पायानं सरळ केली आणि परत बसला.

"बाबा, आज शनवार आहे. आज मी भांडत पण नाही. भांडण उद्या."

रविवार आणि सोमवार, गिरणीत

शब्दाचा माणूस. उजाडता उजाडता इंजिन टुक-टुक करायला लागलं, आणि त्याबरोबर हसाजी. एका हातानं डायनाम्यावर पट्टा चढवत होता आणि तोंडानं मला धूत होता.

"वर्षभर! वर्षभर मी झोपेत पट्ट्या मोजल्या! ती तार इकडे द्या. बायको म्हणाली, कुणीतरी काहीतरी घातलं असेल. मी तिला गप्प केलं, म्हटलं कोण असा मूर्ख असेल! ती नव्हे, तांबडी तार! आणि तो मूर्ख माझ्या ओट्यावर बोईचं कालवण खाऊन ढेकर देतो!"

"दोन ढेकर दिले," चांगो म्हणाला.

ते माझं देणं होतं आणि मी उभा राहून फेडलं. माझं वय बघून कुणी माझ्याशी असं बोलत नाही, आणि मी कुणाला बोलू देत नाही. त्या दिवशी दिलं.

बेटऱ्या जोडून झाल्यावर त्याचा आवाज खाली आला. "एक अट. हे शेठला तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं."

"सांगितलं तर गाडी मुंबईला जाईल. चावी जाईल."

"जाईल. मी माझं नाव घालवून वर्ष काढलं ना?"

मी म्हटलं, "सांगतो." आणि एकदा म्हटलं म्हणजे म्हटलं.

दिवसभर इंजिन चाललं. मधून मधून मी रहाटाकडे, बंदराकडे फिरून आलो. रेवदंड्याला पोर्तुगीजांचा जुना कोट आहे, आत नारळाच्या वाड्या झाल्या आहेत. एवढी भिंत बांधायची आणि आत शेवटी नारळच लावायचे, मला गंमत वाटली. संध्याकाळी आलो तर बेटऱ्यांतून बुडबुडे येत होते, पाणी उकळल्यासारखं.

"भरल्या," हसाजी म्हणाला. "उद्या सकाळी न्या."

"बघू द्या."

"बाबा, बुडबुडे आले म्हणजे भरल्या."

मी रबराच्या फुग्यानं एकेका घरातलं पाणी चिनी मातीच्या वाटीत घेतलं आणि गोळी टाकली. पाच घरांत गोळी डोकं वर काढून उभी राहिली. दुसऱ्या बेटरीच्या मधल्या घरात ती तळाशी गेली.

"हे घर कच्चं आहे," मी म्हटलं.

"तुमच्या गोळीवर मी विश्वास ठेवू? त्या गोळीनंच तर..."

"गोळी खरं बोलत होती, मिस्त्री. चूक माझ्या हाताची. गोळीला काही बोलू नका."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वाटीकडे पाहिलं. पुन्हा पाणी काढायला सांगितलं, स्वतः गोळी टाकली. पुन्हा बुडाली. सोमवारी पहाटे त्यानं इंजिन परत चालू केलं. भाकरीच्या वेळेला सहाव्या घरातही गोळी वर आली, अर्धी पाण्याबाहेर. आम्ही तिघं वाटीवर वाकून बघत होतो.

"मला एक अशी करून द्या," हसाजी म्हणाला.

मी बापाचीच दिली. घरी मेण आहे, छर्रे आहेत, मला दुसरी करता येते.

मंगळवार, परत थळात

परतीचं काय सांगायचं. सोमवारी दुपारीच निघालो, आक्षीला ओहोटी लागेपर्यंत थांबलो. चांगो म्हणाला, "आज व्याही थांबले, हे लिहून ठेवा." ठेवलं.

मंगळवारी सकाळी तारा जोडल्या आणि घरगाडीत तिन्ही दिवे लावून बघितले. पांढरे लख्ख. पंखा असा फिरला की कपाटावरचा कागद उडाला. दहा वाजता शेठची मोटार वाडीत शिरली. शेठ आत गेले, बटणं दाबली, बाहेर आले. मोठा माणूस, घाम पुसत, खुशीत.

"राघो! सरस काम केला तू! कंदी पण दिवे एवढे ब्राइट नाय झाले. कोने भरून दिला? त्या रेवदंडावाला चोर कने तर नाय गेला ना?"

इथे मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. चांगो बैल सोडत होता, त्यानंही मान वर केली नाही. तेवढी लाज त्यानं माझी राखली.

मी करदोट्याची चावी सोडली आणि घरगाडीच्या पायरीवर ठेवली.

"त्याच्याकडंच गेलो, शेठ. आणि तो चोर न्हाय. मागल्या वर्षी बेटरीत मीठ मी घातलं. तो बिचारा वर्षभर आपली चूक शोधत बसला."

शेठचं तोंड लाल झालं. "मीठ? बेटरीमदे मीठ? ती काय मच्छी हाय, तू तिला खारवते?"

"पाणी हलकं झालेलं. मी मिठागरातला माणूस, शेठ. चुकलं."

"आनी मी सगल्या बजारमदे त्याला शिवी दिला! तू एक वरस माझ्यासमोर हा तोंड घेऊन उभा ऱ्हाते!"

"व्हय."

बाय मोटारीतून उतरल्या होत्या. त्या चित्रं काढतात, कमी बोलतात. त्यांनी चावी पायरीवरून उचलली आणि शेठच्या हातात न देता स्वतःच्या मुठीत ठेवली. शेठ दोनदा वाडीला फेरी मारून आले. मग म्हणाले, "मोटारमदे बस. तू पन चल रेवदंडा."

रेवदंड्याला गिरणीसमोर मोटार थांबली, त्याच बाजारात. शेठ एकटे उतरले. मी मोटारीत बसून होतो, काच वर होती, मला शब्द ऐकू आला नाही. बाजारातली माणसं गोळा झाली होती. शेठनं टोपी काढून हातात घेतलेली दिसली. हसाजी गिरणीच्या दारात उभा, हात पुसत. मग तो आत गेला आणि दाराची ती पेटी घेऊन आला, शेठच्या पायाशी ठेवली, आणि उघडून आतलं दाखवू लागला. दोघं वाकले. दोघंही पट्ट्यांकडे बोट करून बोलत होते. एवढं बघितलं आणि मी पाठ टेकली.

आता हसाजी पुन्हा बेटऱ्या बांधतो. शेठनं पहिली स्वतः बांधायला सांगितली. रेवदंड्याला कुणी गेलं तर बघावं, त्याच्या खिडकीत नव्या काचेच्या नळीशेजारी वाटीत मेणाची गोळी असते.

चावी? मुक्काम संपून घरगाडी थळात परत आली तेव्हा बायनी ती मला दिली. तिच्याबरोबर एक लहान पत्र्याची पाटी होती, त्यांच्या हातानं रंगवलेली. वाचायला मला त्रास नको म्हणून तिच्यावर अक्षर नाही, नुसतं चित्र: मिठाची पांढरी रास, आणि तिच्यावर लाल रंगाची मोठी फुली. ती बेटरीच्या पेटीवर खिळ्यानं मारली आहे. मला वाचता येतं, हे मी बायना सांगितलं नाही. मिठाची रास त्यांनी हुबेहूब काढली आहे, आमच्या मिठागरात असते तशीच, टोकाला जरा कललेली. बेटऱ्यांवरची बुरशी पुसायला जातो तेव्हा मी पाटीपण पुसतो.